दिसत नाही त्याचा पाठलाग: ‘बॅलन्स ऑफ टेरर’ पुन्हा पाहताना

प्रश्न असा आला आहे: “मूळ ‘स्टार ट्रेक’मधला ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग म्हणजे अवकाशात नेलेलं पाणबुडीयुद्ध, असं सगळीकडे वाचतो. परवा पाहिला, तर निर्वात पोकळीत माणसं शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजतायत! प्रत्यक्ष पाणबुड्या शोधण्याचं काम केलेल्या माणसाला यातलं काही पटतं का, की नुसता जुन्या आठवणींचा मोह?”

माझं उत्तर: भौतिकशास्त्रात हा भाग नापास आहे आणि डावपेचांत पहिल्या वर्गात पास. माझी नोकरी फ्रिगेट या युद्धनौकेवर, सोनारच्या (पाण्यातल्या आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्राच्या) पडद्यासमोर आणि नंतर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, गेली. पाणबुडीच्या आत राहणारा माणूस मी नव्हे. हे आधीच सांगतो, कारण पाणबुडीवाला हाच भाग शत्रूच्या, म्हणजे रोम्युलन, कमांडरच्या बाजूने पाहील आणि आमचं भांडण होईल.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. १५ डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसीवर प्रथम दाखवलेला हा भाग. लेखक पॉल श्नायडर, दिग्दर्शक व्हिन्सेंट मॅकेव्हिटी. पृथ्वी आणि रोम्युलन यांच्यात शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालेलं, मधे एक तटस्थ पट्टा आखलेला. त्या पट्ट्यालगतची पृथ्वीची ठाणी एकामागून एक उद्ध्वस्त होऊ लागतात. मारणारं जहाज अदृश्य होऊ शकतं. कप्तान कर्कच्या ‘एन्टरप्राइझ’ या अवकाशयानाने त्याला घरी पोचण्याआधी गाठायचं, पण पट्टा ओलांडला तर दोन साम्राज्यांत युद्ध. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची, त्यामुळे माझ्या पिढीला कर्क आणि व्हल्कन नावाच्या परग्रहवंशाचा त्याचा अधिकारी स्पॉक ओळखीचे आहेत. तेव्हा मात्र आमचं सगळं लक्ष स्पॉकच्या कानांकडे.

पाणबुडीयुद्धाचा वास उगाच येत नाही. १९५७ सालच्या ‘द एनिमी बिलो’ या चित्रपटाशी याचं नातं उघड आहे. तिथे अमेरिकी विनाशिका आणि जर्मन पाणबुडी, इथे एन्टरप्राइझ आणि रोम्युलन जहाज. त्या चित्रपटामागची कादंबरी डेनिस रेनर यांची, आणि रेनर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात अटलांटिकवर ताफ्यांचं रक्षण करत पाणबुड्यांच्या मागे फिरलेले अधिकारी. म्हणजे डावपेचांचा उगम एका अनुभवी माणसाच्या टेबलावर आहे. दोन हात फिरून ते दूरचित्रवाणीवर आले तरी त्यांतला अस्सलपणा पुरता गेला नाही.

आता कुजबुजीचं बघू. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, आणि फार दूरवर. पाणबुडीत पान्हा पडला तर ते ऐकणारा कान मैलोन्मैल दूर असू शकतो, म्हणून तिथे शांतता पाळतात. पोकळीत आवाज जातच नाही, तेव्हा एन्टरप्राइझवर कोणी ढोल बडवले असते तरी रोम्युलनांना कळलं नसतं. इथपर्यंत प्रश्नकर्त्याचं म्हणणं मान्य.

पण त्याच प्रसंगातली पुढची गोष्ट बघा. दोन्ही जहाजं यंत्रं बंद करून कित्येक तास पडून आहेत. स्पॉक दुरुस्ती करत असताना चुकून एक कळ दाबतो, यंत्रणा जागी होते आणि जागा उघड होते. हे आवाजाऐवजी विद्युतचुंबकीय उत्सर्जन म्हणून वाचा, म्हणजे प्रसंग एकदम खरा होतो. आम्हीही रडार बंद, रेडिओ बंद, असे अंधारात जात असू. अशा वेळी एखाद्या तंत्रज्ञाने सवयीने एखादं उपकरण क्षणभर चालू केलं, तर समोरच्याच्या यंत्रावर आमची दिशा उमटते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांचा घात मोठ्या प्रमाणावर त्यांच्या स्वतःच्याच रेडिओ संदेशांनी केला. त्या रोज मुख्यालयाशी बोलत आणि दोस्तांची जहाजं त्या संदेशाची दिशा पकडत. या भागात डेशियस नावाचा एक उतावळा अधिकारी परस्पर मायदेशी संदेश पाठवतो आणि कमांडर त्याची दोन पायऱ्या पदावनती करतो. प्रेक्षकाला ही शिस्तीची कडक वागणूक वाटते. मला ती सौम्य वाटली.

सगळ्यात जास्त पटतं ते पाठलागाचं चित्रण. कर्कला जहाज दिसत नाही, फक्त काहीतरी हलतंय एवढं कळतं. ज्यांनी सोनारवर पाळी केली आहे त्यांना ही अवस्था पाठ असते. नुसतं ऐकणारा सोनार तुम्हाला दिशा सांगतो, अंतर सांगत नाही. अमुक अंशांवर काहीतरी आहे, बस. ते दोन मैलांवर आहे की दहा, सावकाश जातंय की जोरात, हे काढायला आपल्या जहाजाची दिशा बदलायची, काही मिनिटं एका रेषेवर जायचं, मग पुन्हा बदलायची, आणि दर वेळी कोन कसा सरकतो त्यावरून गणित मांडायचं. यात घाई चालत नाही. स्वतः ‘पिंग’ मारून, म्हणजे आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकून, अंतर लगेच काढता येतं, पण त्या क्षणी समोरच्याला तुम्ही कुठे आहात ते कळतं, आणि त्याला तुमचा पिंग तुम्हाला त्याचा प्रतिध्वनी मिळण्याच्या कितीतरी अधिक अंतरावरून ऐकू येतो.

कर्क काय करतो? शत्रूच्या हालचालीशी आपली हालचाल तंतोतंत जुळवतो, म्हणजे त्यांच्या यंत्रांना तो स्वतःचाच पडसाद वाटावा. रोम्युलन जहाजावरचा म्हातारा सेंच्युरियन म्हणतोसुद्धा की पडसाद असेल. कमांडरला ते पटत नाही. ही युक्ती कल्पित नाही. पाणबुडीच्या शेपटाकडे, तिच्याच पंख्याच्या आवाजामुळे, तिचा सोनार बहिरा असतो. शीतयुद्धात पाणबुड्या एकमेकींच्या त्या बहिऱ्या कोनात शिरून मागोमाग जात. पुढची पाणबुडी मग अधूनमधून अचानक वळून मागे कोणी आहे का ते ऐकायची. रोम्युलन कमांडर दिशा बदलून नेमकं हेच तपासतो. १९६६ साली घरी बसून टीव्ही पाहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

दुसरी अचूक गोष्ट म्हणजे अदृश्यतेची किंमत. हे फार कमी विज्ञानकथांना सुचतं. अदृश्य होण्याचं यंत्र म्हणजे जादूची टोपी, एकदा घातली की झालं, असा सरधोपट मामला असतो. इथे त्या पडद्याला प्रचंड ऊर्जा लागते, इंधन संपत जातं, पडद्याआडून शस्त्र सोडता येत नाही, आणि स्पॉकचा अंदाज असा की इतकी ऊर्जा खर्चून त्यांना बाहेरचंही धड दिसत नसावं. डिझेल-विद्युत पाणबुडीचं सगळं जगणं या चार ओळींत आलं. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. बॅटरी संपत आली की हवा घेणारी नळी पृष्ठभागावर काढून डिझेल इंजिनं चालवायची, आणि तेवढा वेळ ती ऐकूही येते आणि दिसूही शकते. पेरिस्कोप वर काढल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि काढला की रडारवर सापडण्याची भीती. आम्हा शोधणाऱ्यांचं निम्मं काम तिला शोधणं नसतंच. तिला वर येऊ द्यायचं नाही, वेगाने पळायला लावायचं, म्हणजे बॅटरी आपोआप रिकामी होते. कर्क पाठलागात तेच करतो. तो सतत दबाव ठेवतो आणि रोम्युलन जहाजावर इंधनाची काळजी वाढत जाते.

मारा करण्याच्या पद्धतीबद्दल एक गंमत. इतर भागांत एन्टरप्राइझचे फेझर म्हणजे सरळ किरण. इथे ते अंदाजाने दिलेल्या जागी जाऊन फुटतात, अगदी डेप्थ चार्जसारखे, म्हणजे पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणाऱ्या बाँबसारखे. लेखकाने पाणबुडीपटाचा साचा उचलला आणि शस्त्रही त्या साच्यात बसवलं, हे उघड आहे. चाहते यावर डोकं खाजवतात. मला त्यात खटकलं ते वेगळंच. खऱ्या डेप्थ चार्जची मोठी अडचण इथे सोयीस्करपणे गाळली आहे. स्फोटांनी पाणी इतकं ढवळून निघतं की पुढची काही मिनिटं सोनारला काही कळत नाही, आणि पाणबुडी नेमकी त्याच गोंधळात निसटते. त्यावर उपाय म्हणून ब्रिटिशांनी ‘हेजहॉग’ आणला, म्हणजे पुढे फेकले जाणारे २४ छोटे बाँब, जे आदळले तरच फुटतात. नेम चुकला तर समुद्र शांत आणि संपर्क शाबूत. कर्क मात्र फटक्यांमागून फटके मारतो आणि त्याच्या यंत्रांवर धूळही उडत नाही.

प्लाझ्मा शस्त्राचा प्रसंग मात्र सुरेख. धगधगता गोळा मागे लागतो, कर्क जहाज पूर्ण वेगाने उलटं पळवतो, आणि अंतर वाढत जाईल तसा गोळा विरत जातो. लागतो, पण मारण्याइतकं बळ त्यात उरत नाही. पाणतिराचं असंच आहे. त्याच्या पोटात ठरावीकच इंधन किंवा बॅटरी असते. लांबून सोडलेला असेल आणि तुम्ही वेळेत पाठ फिरवून पळालात, तर तो दमून बुडतो. म्हणून पाणबुडीला जवळ यावं लागतं, आणि जवळ येणं म्हणजे सापडण्याचा धोका पत्करणं. शस्त्राचा पल्ला कळला की शत्रूने कुठे यायला हवं हेही कळतं. कर्क शेवटी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतो आणि शत्रूला त्याच पल्ल्यात बोलावतो.

त्याआधी सोंग रोम्युलनांनी घेतलेलं असतं. मेलेल्या सेंच्युरियनचं शव आणि जहाजातलं भंगार बाहेर फेकून जहाज फुटल्याचा भास करायचा. महायुद्धात पाणबुड्या पाणतिराच्या नळीतून तेल, लाकडाचे तुकडे, कपडे सोडत, ते यासाठीच. दुसऱ्या वेळी कमांडर त्या भंगारात अणुबाँब लपवतो. स्पॉकला धातूच्या कवचाची वस्तू जाणवते, एन्टरप्राइझ जवळूनच तिच्यावर मारा करते आणि स्फोटाने स्वतःही घायाळ होते.

शिकारी आणि शिकार यांची अशी अदलाबदल आपल्या नौदलाने फार जड किमतीला पाहिली आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात आयएनएस ‘खुकरी’ पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात निघाली होती. तिलाच ‘हंगोर’ने पाणतीर मारून बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर राहिले. आमच्या प्रशिक्षणात ही लढाई पुन्हा पुन्हा उकलली जायची. एक मुद्दा दर वेळी यायचा: उथळ, उबदार पाण्यात सोनारवर किती विसंबायचं. उन्हाने वरचा थर तापला की ध्वनिलहरी खाली वाकतात, जहाजाच्या बुडाला बसवलेल्या सोनारचा पल्ला दुपारनंतर घटतो, आणि गार थराखाली पाणबुडी निवांत बसते. त्यात कोळंबीसारख्या जीवांचा कडकडाट आणि मच्छीमारांच्या शेकडो होड्या. हा भाग पाहताना धूमकेतूच्या शेपटाचा प्रसंग आला की मला हे थर आठवतात. कर्क त्या शेपटात शत्रूला गाठायचं ठरवतो, कारण तिथून जाणाऱ्या अदृश्य जहाजाचीही वाट उमटेल. कमांडर ते ओळखतो आणि वेळेत वळतो. निसर्ग दोघांनाही सारखाच उपलब्ध असतो. ज्याने त्याचा अभ्यास जास्त केला त्याच्या बाजूने तो जातो.

या भागाचं नाव शीतयुद्धातल्या अण्वस्त्रांच्या धाकावरून आलंय, हे कोणीही सांगेल. पण लेखकाला माहीत असणं शक्य नव्हतं अशी एक गोष्ट चार वर्षं आधी घडून गेली होती. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच. अमेरिकी विनाशिकांनी बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला कोंडलं होतं आणि तिला वर आणण्यासाठी सरावाचे छोटे डेप्थ चार्ज टाकत होत्या. आत बॅटरी संपत आलेली, उष्णता असह्य, मॉस्कोशी संपर्क नाही. आणि नळीत अणुपाणतीर, ज्याची वरच्या अमेरिकनांना कल्पनाही नव्हती. कप्तान सावित्स्की तो सोडण्याच्या बेताला आला असताना वासिली अर्खिपोव्ह या बरोबरीच्या अधिकाऱ्याने संमती दिली नाही. जगाला हे तपशील कळले ते कितीतरी वर्षांनी. बी-५९ ‘फॉक्सट्रॉट’ वर्गाची होती. याच वर्गाच्या पाणबुड्या भारताने १९६७ पासून घेतल्या. पहिली ‘कलवरी’, आणि पुढच्यांत आपल्या खांदेरी किल्ल्याच्या नावाची ‘खांदेरी’. त्यांवर नोकरी केलेल्या सहकाऱ्यांकडून आतल्या उकाड्याचं वर्णन ऐकलेलं असल्यामुळे, रोम्युलन जहाजाचा अरुंद कक्ष, मधल्या एका यंत्राभोवती दाटीने उभी माणसं, हे सगळं मला एन्टरप्राइझच्या ऐसपैस, बैठकीच्या खोलीसारख्या ब्रिजपेक्षा फार खरं वाटतं.

माझ्या मते या भागाचा गाभा निर्णयात आहे, आणि तोही एकट्याने घेतलेल्या निर्णयात. कर्कने मुख्यालयाला विचारलेलं असतं, उत्तर यायला तास लागणार. तोवर बैठक होते. ब्रिजवरचा अधिकारी स्टाइल्स हल्ला करा म्हणतो, जहाजाचा डॉक्टर मॅकॉय विरोध करतो, आणि शांत स्पॉक अनपेक्षितपणे हल्ल्याच्या बाजूने बोलतो: रोम्युलन हे आपल्याच व्हल्कन रक्ताचे असतील तर त्यांना दुबळेपणा दाखवणं परवडणार नाही. कर्क सगळ्यांचं ऐकतो, ठरवतो, लढतो. सगळं संपल्यावर निरोप येतो की तुम्ही घ्याल त्या निर्णयाला आमचा पाठिंबा आहे. हे ऐकून मी मोठ्याने हसलो होतो. समुद्रावर ज्याने कधी किनाऱ्याकडून आदेशाची वाट पाहिली आहे त्याला वेगळं स्पष्टीकरण नको.

रोम्युलन कमांडरचं काम मार्क लेनर्डने केलंय, आणि माझ्या दृष्टीने हा भाग त्याचाच आहे. त्याला हे युद्ध नको आहे. तरी तो आपलं काम उत्तम करतो, आणि या दोन गोष्टींत त्याला विसंगती वाटत नाही. समोरच्याबद्दल तो म्हणतो की हा माणूस मी केलं असतं तेच करतोय, आणि त्यात आदर असतो. आमच्या व्यवसायात हे असंच असतं. महिनोन्महिने ज्याच्या सवयींचा अभ्यास केला त्याचा तिरस्कार करणं अवघड जातं. पुढच्याच वर्षी हाच नट स्पॉकचा बाप सारेक म्हणून आला आणि लोकांच्या लक्षात तोच राहिला. मला कमांडर अधिक आवडतो.

कच्च्या जागाही आहेत. स्टाइल्सचे पूर्वज त्या युद्धात मेलेले, म्हणून रोम्युलनांसारखा दिसणारा स्पॉक त्याला हेर वाटतो. कर्क त्याला खडसावतो की असला द्वेष आपल्या खोलीत ठेव, ब्रिजवर त्याला जागा नाही. वाक्य उत्तम, आणि १९६६ च्या अमेरिकेत धाडसाचंही. पण शेवटी स्पॉक त्याचा जीव वाचवतो आणि स्टाइल्स लगेच सुधारतो, हे फारच झटपट झालं. लग्नाच्या वेदीवरून लढाईला गेलेला टॉमलिन्सन मरणार हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. शस्त्रकक्षात विषारी वायू पसरतो आणि तिथे माणूस कमी पडतो, यावर मात्र मी हरकत घेणार नाही. ब्रिजवरून आदेश सुटला आणि खालच्या कक्षात तो अमलात आणायला हातच उरले नाहीत, असं खऱ्या लढाईत होतं.

नव्याने पाहणार असाल तर ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या नव्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतला २०२२ चा ‘अ क्वालिटी ऑफ मर्सी’ हा भाग त्यानंतर लगेच पाहा. तिथे हाच प्रसंग, पण एन्टरप्राइझवर कप्तान पाइक, आणि कर्क दुसऱ्या जहाजावर. पाइक तहाचा प्रयत्न करतो, शस्त्रसंधी मागतो, आणि परिणाम भयंकर होतो. बऱ्याच जणांना यातून ‘कर्क बरोबर, पाइक चूक’ असा निवाडा काढायची घाई असते. मला तो पटत नाही. पाइकच्या बोलण्यात तसं काही वावगं नाही. रोम्युलन कमांडरही ऐकायला तयार होतो. घात करतो तो वेळ. शस्त्रसंधीच्या त्या दोन तासांत रोम्युलन कमांडरचाच एक अधिकारी वर कळवून मोकळा होतो आणि अख्खा ताफा येऊन उभा राहतो. म्हणजे पुन्हा तोच फुटलेला रेडिओ संदेश. जुन्या भागात कमांडरने डेशियसला दोन पायऱ्या खाली उतरवून सोडलं, ते सौम्य होतं असं मी वर म्हटलं ते यासाठीच.